ताईच्या रक्तातली भीती

टॉवर क्रेनच्या केबिनला लिफ्ट नसते. शिडी असते, सरळसोट उभी. माझी ताई ती रोज चढायची, पाठीला डबा बांधून. मधल्या फळीवर दम खात बसलेल्या पुरुषांना वरून ओरडायची, "बसा, बसा. घाई कसली? इमारत काय, पुढच्या वर्षी बांधू!"

मी खालचा सिग्नलवाला. ती वर, मी जमिनीवर, मध्ये वॉकीटॉकी. माल कुठे टेकवायचा ते मी सांगायचं. खरं तर तिला सांगावं लागत नसे. केबिनला पायाशी काच असते. बाकीचे ऑपरेटर मागे रेलून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतात. ताई मात्र पार पुढे वाकून, पोट मांड्यांवर दाबून, दोन पावलांच्या मधून खाली बघायची आणि सळयांचा भारा असा टेकवायची की धूळही उडायची नाही. "पडद्यावर वजन दिसत नाही रे," म्हणायची. "डोळ्यांनी बघावं लागतं."

मग एका सकाळी वॉकीटॉकीत मला तिचा श्वास ऐकू आला. धाप लागलेल्या जनावरासारखा.

"ताई?"

"बोलू नकोस. खाली घेतेय."

भारा हवेत होता आणि त्याच्याखाली काँक्रीट ओतणारी माणसं. मी हात हलवून त्यांना बाजूला पळवलं. भारा आला, रोजच्यासारखाच हळू, आणि टेकला. "हुक सोडा," ती म्हणाली.  खाली उतरली तेव्हा चेहरा राखेसारखा पडलेला, सदरा पिळून काढावा इतका ओला.

"मला वाटलं, मी आता मरणार," ती म्हणाली. "कशाने, ते माहीत नाही. पण मरणार."

पुन्हा झालं. मग पुन्हा. आणि मग ज्याला त्याला अक्कल फुटली. साहेब म्हणाले, "शेवटी बाईमाणूस. कधीतरी उंची बाधणारच." इतकी वर्षं उंची काय झोपली होती? फिटर म्हणाला, "केबिनला पाळण्याची दोरी बांधू या, ताईंना झोके देऊ." घरी दाजी बिचारे भले माणूस, शाळेची बस चालवतात. तेही म्हणाले, "अगं, मन घट्ट कर." नातेवाइकांचं तर विचारूच नका. विचार फार करतेस. मनावर घेऊ नकोस. मन रमव. ज्याला काही कळत नाही तो सगळं मनाच्या माथी मारतो. मन म्हणजे यांच्या घरचा गडी, काही हरवलं की पहिला संशय त्याच्यावर!

साहेबांनी तिला खाली उतरवलं. मालाला पट्टे बांधायच्या कामावर. वर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाही सुधारलीस तर मला वर कळवावं लागेल. मग परवाना गेला समज. कुठल्याच क्रेनवर कुणी बसवणार नाही."

ताईने हातमोजे चढवले. पाईपांच्या चळतीशी गेली, खालून पट्टा ओढायला वाकली, आणि तिथेच, मातीत दोन्ही पाय रोवलेले असताना, तेच झालं. घाम, थरथर, पांढरा चेहरा.

फिटर खो खो हसला. "घ्या! आता जमिनीचीपण उंची बाधली!"

मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. ताईने माझी बाही धरली. पाईपावर बसून तिने श्वास सावरला आणि फिटरकडे अशी बघायला लागली की त्याचं हसू विरलं.

"बरोबर बोललास तू," ती म्हणाली.

"काय... काय बोललो?"

"जमिनीची उंची कुणाला बाधत नाही. म्हणजे ही उंचीची भीती नव्हेच." मग माझ्याकडे वळून, "अरे, आधी छाती उडते. घाम नंतर. आणि भीती सगळ्यात शेवटी येते. कुणीतरी मला आतून घाबरवतंय."

घशात हृदय उड्या मारत असताना कुठली गोष्ट आधी आली आणि कुठली नंतर, याचा हिशोब ठेवणारी माझी बहीण! आणि हिला म्हणे मन घट्ट करायला सांगत होते.

आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. ठीक. थोड्या वेळाने पुन्हा. ठीक. माझं डोकं फिरलं. "ठीक असतं तर आम्ही काय इथे पंख्याची हवा खायला आलोय?"

"तुम्ही ओरडून घ्या," बाई शांतपणे म्हणाल्या, "तोवर मी यांच्याशी बोलते. कधी होतं हे?"

"काम करताना."

"काम करताना बसता कशा? करून दाखवा."

पट्टा दंडालाच होता. ताई स्टुलावर बसली, पुढे वाकली, पोट मांड्यांवर दाबून पावलांच्या मधून फरशीकडे बघू लागली. बाई घड्याळाकडे नाही, तिच्या कानशिलाकडे बघत होत्या. तिथे घामाचा थेंब आला. बाईंनी झटकन पंप दाबला. पारा चढला आणि चढतच राहिला.

"सरळ व्हा! लगेच."

बाईंनी तिला मागे टेकवलं, सगळं ओसरेपर्यंत तिचा हात धरून बसल्या. मग सांगितलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. संकट दिसलं की मेंदू मज्जातंतूंमधून तिला हाक मारतो. ती रक्तात अॅड्रेनॅलिन सोडते, आणि पळायला किंवा लढायला अंग तयार होतं. तिच्या गाभ्यातल्या पेशी मुळात मज्जातंतूंच्याच कुळातल्या. मज्जातंतू आणि रक्त जिथे हातमिळवणी करतात ती जागा.

"तुमच्या तिथे गाठ असावी असा मला संशय आहे. वाकलात की दाबली जाते, आणि कुणी हाक न मारताच ओतत सुटते. तपासण्या केल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही."

"म्हणजे भीती खोटीच?" ताईने विचारलं.

"छे! अगदी खरी. फक्त तिला कारण नाही. वाघ समोर आल्यावर रक्तात जेवढं उतरतं, त्याहून जास्तच तुमच्या रक्तात उतरत असणार." बाई थांबल्या. "आणि अशा वेळी तुम्ही माल खाली घेत होता?"

"मग काय टाकून देऊ? खाली माणसं असतात."

बाईंनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

मीही बघत राहिलो. जमिनीवर उभं राहून मी इतके दिवस काय ऐकत होतो, ते मला तेव्हा कळलं. अंगातला थेंबन् थेंब पळ म्हणत होता आणि तिचा हात लिव्हरवर हळू, हळू चालला होता. शूर माणसाला भीती वाटत नाही, असं सांगणारे सगळे थापाडे. जगातली सगळ्यात मोठी भीती तिच्या नसांतून वाहिली आणि खालच्या एकाही माणसाला तिचा धक्का लागला नाही.

तपासणीसाठी दिवसभराची लघवी डब्यात साठवायची होती. दाजी डबा छातीशी धरून, फुलदाणी नेल्यासारखे घेऊन गेले. "सरका, सरका, ताजा माल आहे!" ताई कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. गाठ सापडली, लिंबाएवढी. आधी रक्तदाब ताब्यात आणायच्या गोळ्या, मग शस्त्रक्रिया. गाठीला हात लागताना दाब उसळू शकतो, म्हणून भूल देणारे डॉक्टर डोळ्यांत तेल घालून बसले होते. साहेबांनी परवान्याचं काही वर कळवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी फोनवर त्यांना काय ऐकवलं कोण जाणे, पण कान लाल झालेले मी पाहिले.

जखम भरली, वर चढायची परवानगी मिळाली, आणि ताई शिडी चढली. दुपारपर्यंत सळया, विटा, पाईप. श्वास साधा. मग साहेबांना दर्शनी भागाची मोठी काच वर हवी होती. मी पट्टे बांधून घेतले, वॉकीटॉकीत सांगितलं.

"नाही उचलत," ताई म्हणाली. "वारा उलटसुलट येतोय. ही काच म्हणजे शीड आहे. गरगर फिरेल."

साहेबांनी वॉकीटॉकी माझ्या हातातून ओढून घेतला. "वाऱ्याचा आकडा मर्यादेत आहे. काय गं, परत घाबरलीस?"

 फिटर हातातला पाना धरून तसाच थांबला.

"हो," ताईचा आवाज आला, अगदी सावकाश. "घाबरले. आज कारण आहे."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी काचेचे पट्टे सोडले आणि हात डोक्यावर नेऊन रिकामा हुक वर घ्यायची खूण केली.