कॉलच्या आधी शिवलेला ब्लेझर

मी एक ब्लेझर आहे. गडद निळा, दोन बटणांचा, उदगीरच्या मल्लेश टेलरने शिवलेला. त्याने जन्मभर नवरदेवांचे कोट शिवले, म्हणून माझेही खांदे जरा नवरदेवाचेच झालेत. राजकन्या नावाची गिऱ्हाईक दुकानात आली तेव्हा तो तिच्या पाठीमागे नवरदेव शोधत राहिला.

"माप कुणाचं घ्यायचं, ताई?"

"माझंच."

"लग्न हाय का घरात?"

"इंटरव्ह्यू आहे. म्हणजे, कॉल अजून आला नाही. येईल बहुतेक."

तो 'बहुतेक' त्याने माझ्या अस्तरातच शिवून टाकला असावा. कारण पुढे मी ज्या घरात राहिलो, तिथे त्याच एका शब्दाचं राज्य होतं.

राजकन्येला एमबीए करायचं होतं, तेही नावाजलेल्या कॉलेजातून. पदरात दोन वर्षांची तनुजा. नवरा शिवशंकर औषध कंपनीच्या कामाने आठवडाभर नांदेडला. सासरे शेषेराव यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत, आणि त्या आडतीतली बिलं, शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या, संगणकावरचं सगळं काम तीन वर्षांपासून राजकन्येच्याच गळ्यात. एमबीएच्या प्रवेशपरीक्षेत, कॅटमध्ये, तिला एक्क्याण्णव पर्सेंटाइल पडले. लातूरच्या मैत्रिणी म्हणाल्या, लई भारी. इंटरनेट म्हणालं, बघू.

मला पाहून सासूबाई, म्हणजे सरस्वतीबाई, एवढंच म्हणाल्या, "बाजारात तुरी." पुढचं बोलायची त्यांना गरज नव्हती.

प्रवेशाचा चान्स सांगणाऱ्या वेबसाइटा असतात, हे मला कपाटात राहून कळलं. दहावी, बारावी, पदवी, अनुभव किती महिने, सगळं भरलं की त्या टक्के सांगतात. एक म्हणायची बारा, दुसरी चौतीस. मग राजकन्या तिसरीकडे जायची, पत्रिका एका भटजीकडे जुळली नाही की दुसऱ्याकडे न्यावी तशी. कधी बारावीचे मार्क गुपचूप वाढवून बघायची. चान्स चढायचा, चेहरा फुलायचा, आणि मग स्वतःलाच विचारायची, "बारावी परत देणारेस का, बाई?"

मला हसू यायचं. पण कॉल यायच्या आधीच शिवून बसलेल्याने दुसऱ्याला काय हसावं?

शेवटी तिने पुण्याच्या एका सरांचा ऑनलाइन सल्ला घेतला. त्या दिवशी मला पहिल्यांदा अंगावर चढवलं. वर मी, खाली घरातली फुलाफुलांची सलवार. तनुजा बिस्किटाच्या हाताने माझी बाही ओढत होती.

"दहावी उत्तम," सर म्हणाले. "बारावी घसरलीय. पण खरी अडचण गॅपची. तीन वर्षं."

"गॅप नाही सर. मी सासऱ्यांच्या आडतीत काम करते."

"पगाराचा पुरावा? अनुभवाचं पत्र?"

"घरचंच आहे ना."

"मग गॅपच."

त्या संध्याकाळी तिने जेवताना विषय काढला. "मामा, एक पत्र लागतं. तीन वर्षं मी तुमच्याकडे कामाला होते, असं."

शेषेरावांचा घास हातातच राहिला. "कामाला? सुनेला कामाला ठेवलं असं लिहून देऊ? मोंढ्यात तोंड कसं दाखवू मी? तू नोकर न्हाईस, पोरी. मालकीण हायेस."

त्यांचं म्हणणं मायेचं होतं, हेच तर अवघड. शिवीला उत्तर देता येतं.

सरस्वतीबाई भाकरी वाढत म्हणाल्या, "मालकीण मी बी हाय, लगीन झाल्यापास्नं. दुकानाच्या पाटीवर कुठं लिव्हलंय का?"

"तू मधी बोलू नको."

"न्हाई बोलत. भाकर घ्या."

पत्र मिळालं नाही. अर्जात अनुभवापुढे राजकन्येने शून्य लिहिलं. तरीही एका कॉलेजचा कॉल आला. त्या रात्री तिने मला उशाशी ठेवलं, आणि मी स्वतःला कोट नव्हे, खरोखरचा ब्लेझर समजायला लागलो.

इंटरव्ह्यू घरूनच, संगणकावर. पडद्यावर तीन चेहरे. पहिलाच प्रश्न आला, "पदवीनंतर तीन वर्षं काय केलंत?"

तिचं काळीज माझ्या आतल्या खिशावर धडधडत होतं. मला वाटलं, आता मोंढा बाहेर येईल. तुरीचे भाव, काटा, पट्टीवरून होणारी भांडणं, सगळं. पण अर्जात शून्य होतं. आता वेगळं सांगितलं तर खोटी ठरेन, असं तिला वाटलं असणार.

"घरीच होते, सर. मुलगी लहान आहे."

"ओके," ते म्हणाले. पुढचे प्रश्न नुसते सौजन्याचे होते.

पडदा काळा झाला. तेवढ्यात शेषेरावांचा फोन. "पोरी, ये की लवकर. तुरीची आवक लई झालीय, बिलं अडकून राहिलीत."

तिने तनुजाला सासूबाईंकडे दिलं.

"अगं, तो कोट तर काढ."

"राहू द्या."

स्कूटीवरून आम्ही मोंढ्यात गेलो. वर मी, खाली फुलाफुलांची सलवार. पोत्यांतून उडणारी तुरीची धूळ बघता बघता माझ्या बाह्यांवर बसली. देगलूरचे व्यापारी सिद्धराम दारातच थबकले.

"काय शेषेराव, नवे साहेब ठेवले का? कवापासून?"

"साहेब कसले, सून हाय. घरचीच."

राजकन्येने मान वर केली नाही. बिल टाइप करत म्हणाली, "तीन वर्षं झाली. पगार न्हाई."

सिद्धराम खो खो हसले. शेषेराव हसले नाहीत. त्यांनी उगीचच चहा मागवला.

आता मी आडतीत, तिच्या खुर्चीमागच्या खिळ्याला असतो. कॉलेजच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव आहे, बऱ्यापैकी खाली. वेबसाइटा म्हणतात, शक्यता कमी. ती अजूनही अधूनमधून बघते. सासूबाई म्हणतात, ब्लेझर धुवायला टाक, पार तुरीचं पोतं झालंय.

राजकन्ये, एवढं ऐक. मला धुवू नकोस. पुढच्या साली परत कुणी तीन वर्षांचं विचारलं, तर ही धुळीची बाही कॅमेऱ्यासमोर धर. पण मी आहे ब्लेझर, बोलायचं तुलाच आहे. सिद्धरामला सांगितलंस तेच सांग. पहिल्या प्रश्नालाच.