व्हॅलेंटाइनच्या पोटातली पेशी

मी एक पेशी बोलतेय. व्हॅलेंटाइन डिमेलो नावाच्या माणसाच्या जठराच्या अस्तरातली. सध्या माझा मुक्काम सिडनीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या कपाटात, दोन काचांच्या मध्ये. हलायला जागा नाही. पण खरं सांगू का, अडकणं मला नवीन नाही.

जठराच्या अस्तराला बारीक बारीक खड्डे असतात. त्यातल्या एकाच्या तळाशी मी राहायचे. वरच्या पेशी ॲसिड सोसून चार-पाच दिवसांत झिजून जातात. त्यांच्या जागी नव्या पाठवायच्या, हे माझं काम. स्वतःचे दोन भाग करायचे, एक वर पाठवायचा. आम्ही शेजारणी एकमेकींना घट्ट बिलगून असायचो. त्या दाटीतूनच कळायचं, जागा भरली, आता थांब.

जंतू तिथे माझ्याही आधीपासून होते. वसईत, व्हॅलेंटाइन लहान असताना कधीतरी ते त्याच्या पोटात शिरले आणि पुढे त्याच्याबरोबर सिडनीजवळच्या ब्लॅकटाउनला आले. मळसूत्रासारखे वळलेले, शेपट्या हलवत चिकट थरातून पोहणारे. एक दिवस त्यातला एक माझ्या खड्ड्यात उतरला. मला चिकटला, सुईसारखी नळी माझ्यात खुपसली आणि विष सोडलं.

त्या विषाने मला मारलं नाही. ते माझ्या आत बसलं आणि माझ्याच आवाजात हुकूम सोडायला लागलं. वाढ. दोन हो. पुन्हा दोन हो. माझा आकार ताणून लांबट झाला. शेजारणींची पकड सुटली. जागा केव्हाच भरली होती, ते मला कळत होतं, तरी थांबता येईना. माझ्या मुली वेड्यावाकड्या जन्माला येत होत्या आणि मी त्यांना जन्म देतच होते.

ओरडायचं तर आमच्याकडे एकच उपाय, दुखणं. आम्ही दुखत होतो. व्हॅलेंटाइन इंजिनिअर माणूस, सिग्नलमधला बारीक बिघाड शोधून काढणारा. पण पोट दुखलं की गाडीच्या कप्प्यातली अँटासिडची गोळी चघळायचा आणि कामाला लागायचा.

एका रविवारी, चर्चमधल्या मासवरून आल्यावर, त्याची बायको सबीना म्हणाली, "व्हॅल, तुझी पँट बघ. बेल्टला नवीन भोक पाडलंस ना?"

"ॲसिडिटी आहे गं. शिफ्टमुळे."

"मी एंडोस्कोपीची अपॉइंटमेंट घेतलीय. थर्सडेला."

त्याने बेल्ट सोडून पुन्हा आवळला. मग म्हणाला, "पप्पांनापण नुसतं बघायला म्हणून नेलं होतं. पोटाचा कॅन्सर निघाला. सहा आठवड्यांत गेले. मी आता त्यांच्याच वयाचा आहे."

"ते दोन वर्षं दुखणं अंगावर काढून मग डॉक्टरकडे गेले होते, व्हॅल. तूच सांगितलंस मला." "मी बरोबर येते. काय निघायचं ते निघू दे."

गुरुवारी वरून एक काळी नळी आली. तिच्या टोकाला दिवा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी उजेड पाहिला. मग बारीक चिमटा आला आणि आमचा सगळा खड्डा उचलून बाटलीतल्या औषधात टाकला. त्या क्षणी मी दोन होतच होते. अर्ध्यावरच गोठले. हुकूम बंद झाला.

पुढे मला मेणात बसवलं, पात्याने पातळ काप काढला, गुलाबी-जांभळे रंग चढवले आणि दोन काचांमध्ये ठेवलं. कॅरेन नावाच्या डॉक्टरने मला मायक्रोस्कोपखाली पाहिलं. शेजारी अनन्या होती, तिच्या हाताखाली शिकणारी.

"कॅन्सर?" अनन्याने विचारलं.

"नाही. पण त्या वाटेला लागल्या होत्या. आणि हे बघ, जंतू."

मला कपाटात ठेवलं. पोटात मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं, काही कळेना. त्या अजून तोच हुकूम ऐकत असतील का, एवढाच विचार करत मी पडून होते.

वर्षाने मला बाहेर काढलं. मायक्रोस्कोपवर दुसरी काच होती, व्हॅलेंटाइनचीच, नवी. पोटात मागे राहिलेल्यांच्या नाती-पणती.

अनन्या फाइल वाचत होती. "जंतू मारायच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण केलाय त्याने. श्वासाच्या टेस्टमध्ये जंतू नाहीत."

कॅरेन वाकून बघत राहिली. "सूज उतरलीय. ओळीत उभ्या आहेत बऱ्याच. काही जागा मात्र बदलल्या त्या बदलल्याच. दर काही वर्षांनी बघायला हवं."

"येईल तो?"

"या वेळी तारीख त्यानेच फोन करून घेतली म्हणे."

मग मला परत जागेवर ठेवलं. आता इथून सुटका नाही, आणि माझी तक्रारही नाही. एवढंच मागणं आहे. पोट सारखं सारखं दुखत असेल, तर गोळी देऊन त्याला गप्प करू नका. कुणाला तरी दाखवा. आम्हाला दुसरी भाषा येत नाही.