माझा पहिला इंच

मित्रांनो, मी मापाची एक जुनी टेप आहे. माझ्यावर साठ इंच छापले होते, आज एकोणसाठ उरले आहेत. त्या हरवलेल्या इंचाचीच ही कहाणी.

ठमीची आई शिवणकामाच्या कारखान्यात कापड बेतत असे. कामाच्या नादात ती मला गळ्यातून काढायला विसरे आणि मी तशीच घरी जाई. दात येणाऱ्या ठमीला तिने कडेवर घेतलं, की माझं टोक थेट त्या पोरीच्या तोंडात. महिनाभरात माझा पहिला इंच चघळून चघळून चिंधी झाला. शेवटी आईने तो कापून टाकला. "लेकीनं माझी टेपच खाल्ली," असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगे.

तेव्हापासून तीस इंच हवे असले, की ती एकतिसावर खूण करी. हात सरावला होता.

एके दिवशी ठमी तापाने फणफणली. तिला शेजारच्या काकूंकडे सोपवून आई कामावर आली खरी, पण जीव तिकडेच टांगलेला. तिने तिसावरच खूण केली आणि चाळीस झगे इंचभर आखूड कापले गेले.

कारखान्याचे मास्तर म्हणाले, "बाई, एक तर घर सांभाळा, नाही तर कात्री."

"चूक माझीच आहे, मास्तर. पण मला दोन्ही सांभाळायचंय. झगे मी नीट करून देते."

उरल्यासुरल्या कापडाच्या पट्ट्या तिने प्रत्येक झग्याच्या घेराला जोडल्या. आठवडाभर जेवणाची सुट्टी त्यातच गेली. संध्याकाळची घंटा झाली की मात्र ती थांबत नसे, थेट ठमीकडे धाव घेई.

मास्तरांनी चाळीसही झगे उलटेपालटे करून पाहिले. मग तिच्यापुढे नवी टेप ठेवली. "ही कामाला. ती घरी असू द्या, चघळायला."

मी बटणांच्या डब्यात जाऊन पडले. पुढे कित्येक वर्षं मला कुणी विचारलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

परवा ठमी आपलं तान्हं आईकडे ठेवून कामावर निघाली होती. उंबऱ्यातच तिचे डोळे भरून आले. "आई, मी कुठंच पुरी पडत नाही गं."

आईने डबा उघडून मला तिच्या हातात दिलं.

"हिचा पहिला इंच कुठे गेला?" ठमीने विचारलं.

"तू खाल्लास."

ठमी रडता रडता हसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. पण आईचं कधी इंचभर कमी पडलं, तर रुसण्याआधी तो इंच शोधा. बहुतेक तो तुमच्याच तोंडात सापडेल.