रुमाल टाकलेली जागा

सुखदेवरावांनी टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा भाजीवाल्यांच्या खिशातही मोबाइल वाजू लागले होते आणि खात्याचं त्यांच्यावाचून अडेनासं झालं होतं. यापूर्वी कधी अडलं होतं, असं द्वारकाबाई विचारत. पण निवृत्त नवऱ्याला फार बोलू नये म्हणून दिवसातून एकदाच विचारत.

मग सुखदेवरावांनी मार्केट यार्डातून एक जुनी मॅटाडोर आणून धायरीच्या अंगणात उभी केली. कांद्याची पोती वाहण्याआधी ती स्वारगेट-भोर सीटा भरून वडाप करायची. आता तिचं आतून घर करायचं आणि त्यातून द्वारकाबाईंना अजिंठ्याला न्यायचं, असा बेत होता. अजिंठा लग्नापासून बाकी होता. रजा मंजूर झाली की नेमकी कुठली तरी केबल तुटायची.

भैरू पत्रेवाल्यानं गंज खरवडून नवा पत्रा डकवला. मागे गादी आली, तिच्याखाली भांड्यांचे कप्पे, घडीचं टेबल, शेगडीपुरता ओटा, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. पुढची डावीकडची खिडकीची जागा द्वारकाबाईंची. तिथलं कुजलं सीट उपसताना खाली एक निळ्या चौकडीचा रुमाल सापडला. सुखदेवरावांनी त्यानं हाताचं ऑइल पुसलं आणि तो कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी तो नव्या सीटवर होता. धुतलेला.

त्यांनी तो कालव्यात सोडला. परत आला तो इस्त्री होऊन.

"अहो, कुणीतरी जागा धरलीय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"वडाप बंद होऊन जमाना झाला. आता कोण धरणार?"

"ते मला काय माहीत? मी रुमाल उचलून बघितला. खालचं रेक्झिन गरम होतं. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखं."

"ऊन पडलं असेल."

"गाडी सावलीत आहे."

हिंजवडीत नोकरी करणारी लेक आम्रपाली हे ऐकून वैतागली. "आई, आपल्यात भुतंबितं मानत नाहीत."

"भूत कोण मानतंय? मी रुमाल मानते. टाकलेल्या रुमालावर मी आजवर बसले नाही. आता म्हातारपणी बसू?"

"मग मागे गादीवर बस."

"अजिंठा मला समोरच्या काचेतून येताना बघायचाय. मागे बसून काय, पडदे बघू?"

गाडी तयार होती, डिझेल भरलेलं होतं, आणि अजिंठा एका रुमालावर अडला होता. सुखदेवराव रोज बोनेट पुसत आणि सीटकडे बघणं टाळत. आरशात मात्र दिसायचं. मधूनच रुमालाचं एक टोक दाबल्यासारखं खाली बसायचं.

शेवटी त्यांनीच तोड काढली. "जागा स्वारगेटला धरलीय. तर माणूस तिथंच असणार. त्याला त्याच्या गावी पोचवू, मग जागा तुझी."

द्वारकाबाई तेवढ्यापुरत्या मागे बसल्या. स्वारगेटला जिथं पूर्वी मॅटाडोर लागायच्या, तिथं आता मोबाइल कंपनीचा भला मोठा फलक होता. भर दुपारी सुखदेवरावांनी त्याच्याखाली गाडी लावली, खिडकीतून मान काढली आणि नव्या नवरदेवाला नाव घ्यायला लावल्यासारखं पुटपुटले, "भोर."

"कोण ऐकणार?" मागून द्वारकाबाई. "खात्याच्या तक्रार खिडकीवर बसलात का?"

"भोर, भोर, भोर! चला बसा, भोर!"

डावीकडचा दरवाजा उघडला आणि लागला. गाडी डाव्या अंगाला दबली. सीटवरचा रुमाल गेला होता.

कात्रजच्या घाटात सुखदेवरावांना शेजारून तंबाखूचा वास आला. "जागा नीट आहे ना?" असं विचारावंसं वाटलं, पण उत्तर आलं तर काय, म्हणून त्यांनी गिअर बदलला.

भोरच्या स्टँडवर दरवाजा पुन्हा आपसूक उघडला. गाडी सरळ झाली. द्वारकाबाई उतरून पुढे आल्या, सीटवर तळवा ठेवला. गार होतं. मग त्या ऐसपैस बसल्या आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "चला, आता अजिंठा."

सुखदेवरावांनी किल्ली फिरवली, पण गाडी निघेना. मागची बाजू जड झाली होती. त्यांनी आरशात पाहिलं. गादीवर रांगेनं रुमाल पडले होते. पांढरे, चौकडीचे, एक लहान मुलाचा, पिन लावलेला.

वडाप पुन्हा सुरू झाली म्हणून जागा धरलेली ही स्वारगेटला परतीची माणसं होती. ओरडून ती सुरू करणारे आपणच, हे त्यांना कळलं.

द्वारकाबाईंनीही पाहिलं.

"आधी स्वारगेट," सुखदेवराव म्हणाले.

"मग?"

"तिथं परत भोरची माणसं असतील."

"हं. सुटायला वेळ आहे ना? चहा घेऊ."

त्यांनी दार उघडलं. एक पाय खाली टाकला, थांबल्या, मागे एकवार बघितलं. मग कमरेचा रुमाल काढून आपल्या सीटवर नीट पसरला आणि चहाला गेल्या.