चौथा ट्रे

तिने ट्रेमधल्या मातीत बोट खुपसून पाहिलं, तर ते पेरभरसुद्धा आत गेलं नाही. हरभऱ्याची वीस रोपं माना टाकून उभी होती आणि भिंतीवरच्या तक्त्यात पाण्याचे नऊ दिवस कोरे होते.

मदतनीस मावशी हात पुसत आल्या. हरितगृहाची झारी बावीस वर्षं त्यांच्याकडे होती. तीन ट्रेंना नळीतून आपोआप पाणी मिळायचं. चौथ्याची नळी तुंबलेली, म्हणून तेवढा एक झारीवर. एवढंही होऊ नये?

कडाक्याच्या थंडीत हरभरा कितपत तग धरतो, हे तिला पाहायचं होतं. शीतकक्ष एकच, आणि त्याची पाळी तीन महिन्यांनी यायची. मागच्या खेपेला कक्षाचं यंत्र बंद पडलं, त्याआधी उंदरांनी बियाणं फस्त केलं. वरिष्ठांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवून हे काम गळ्यात मारलं, त्यालाही दोन वर्षं होऊन गेली होती.

हे सगळं तिने मावशींना ऐकवलं, थोडं दोनदाही ऐकवलं. मावशी खाली मान घालून उभ्या होत्या. बहिणीचं ऑपरेशन होतं, एवढंच त्या म्हणाल्या. मग आधी कळवायचं नाही का, असं तिने विचारलं. मावशींनी तोंड उघडलं, तोवर तिचं पुढचं सुरू झालं होतं. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणत ती तरातरा खोलीत गेली आणि कामचुकारपणाची लेखी तक्रार कार्यालयात देऊन आली. कक्षातली जागा रिकामी राहायला नको, म्हणून तो वाळका ट्रेही तिने इतर तिन्हींबरोबर आत ढकलला.

पाचव्या दिवशी सकाळी तिने कक्षाचं दार उघडलं. पाणी पिऊन टवटवीत झालेले तिन्ही ट्रे उकडलेल्या भाजीसारखे काळे पडून लोळत होते. चौथ्यातली रोपं खुरटीच होती, पण वीसपैकी सोळा हिरवी होती.

तिला आनंद होण्याऐवजी वैतागच आला. तहानलेलं रोप पेशींमध्ये साखर साठवतं आणि पुढे थंडीतही ती कामी येते, हे तिला ठाऊक होतं. पण नऊ दिवस सलग कोरडी राहिलेली रोपं थंडीआधीच मरायला हवी होती. आता हा प्रयोग पुन्हा करायचा, तर नेमकं काय करायचं?

तिने मावशींना बोलावलं.

"नऊ दिवस थेंबभरही पाणी नव्हतं का?"

"त्यातल्या पाचव्या दिवशी दिलं होतं. दवाखान्यातून येऊन. माझ्याजवळच्या बाटलीतलं."

"मग तक्त्यावर खूण का नाही केलीत?"

"रजेवर असताना खूण कशी करणार?"

"कसली रजा?"

मावशींनी हातातली झारी खाली ठेवली.

"सांगितलं होतं, मॅडम. तुम्ही फोनवर होता. चौथ्या ट्रेचं बघा म्हटलं, तर हो हो, बघते म्हणालात."

फोन तिला आठवला. नळी दुरुस्त करणारा तिसऱ्यांदा उद्यावर ढकलत होता आणि ती त्याच्यावर ओरडत होती. समोर कोणीतरी उभं होतं, इतकंच तिच्या लक्षात राहिलं होतं.

"त्या दिवशी मी एवढी बोलले, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही थांबतच नव्हता."

कार्यालयाला उद्यापर्यंत खुलासा द्यायचा आहे, असं मावशी म्हणाल्या. त्यात काय लिहू, असंही त्यांनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता, त्यामुळे तिला जास्तच अवघड झालं.

"मी लिहिते," ती म्हणाली.

उलट्या घातलेल्या कुंडीवर बसून तिने कागद मांडीवर घेतला. रजा तोंडी कळवली होती, पाण्याची सोय करणं माझ्याकडे होतं, ती मी केली नाही, असं लिहून तिने खाली स्वतःची सही केली. मग दुसरा कागद काढला, प्रयोगाचा. पाचवा दिवस, एक बाटली.

"बाटली लिटरची होती ना? पूर्ण भरलेली?"

मावशी संकोचल्या.

"अर्धी, मॅडम. अर्धी मी प्यायले. चालत आले होते."

तिने 'एक' खोडलं. 'अर्धी' लिहिलं, आणि पुढे कंसात: मावशींच्या पिण्याच्या पाण्यातली.