पाणी पिणारी व्हॅन

"काका, हेड गेलंय," गॅरेजवाला धैर्यशील हात पुसत म्हणाला. "पाणी बाहेर कुठं सांडत न्हाय, म्हंजे आत जातंय. इंजिन उतरायला लागंल. आठ दिवस तरी धरा."

"आठ दिवस?" दानेश्वरी मध्येच बोलली. "परवा सकाळी भाकरी वेळेत न्हाय पोचली तर कँटीनवाला दुसऱ्याला देणार हाय ऑर्डर. तोंडावर सांगितलंय त्यानं."

"मग टेंपो सांगा की वैनी."

"रोजचा टेंपो परवडला असता तर ही व्हॅन कशाला ठेवली असती?"

दानेश्वरी माझी सून. ती आणि माझी बायको गौराबाई, दोघी मिळून ज्वारीच्या कडक भाकरी करायच्या आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कँटीनला पोचवायच्या. व्हॅन गौरा चालवायची. पंचेचाळिशी उलटल्यावर शिकली आणि माझ्यापेक्षा बरी चालवायची.

दिवाळी झाली आणि गौरा गेली. महिनाभर व्हॅन दारात उभी होती. मग दानेश्वरीनं चालवायला घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तापमानाची सुई वर चढायला लागली. दोनदा वाटेत थांबावं लागलं, दोनदा भाकरी उशिरा पोचली. गल्लीतली माणसं म्हणाली, मालकीण गेली, व्हॅननंपण दुःख धरलं. मला ते पटलं नाही. मी उभा जन्म शिरोलीत मिलिंग मशीनवर काढला. लोखंड दुःख धरत नाही. ते झिजतं, तडकतं, नाहीतर गळतं.

"उद्या कारखान्याला सुट्टी हाय," मी धैर्यशीलला म्हणालो. "उद्याच्या दिवस मला बघू दे. न्हाय जमलं तर तुझ्याकडं ओढून आणतो."

"बघा. पण हेड खोलू नका घरात. एका दिवसात बसायचं न्हाय ते."

त्याचं बरोबर होतं. माझ्याही मनात हेडच होतं, सिलिंडरच्या डोक्यावरचं झाकण.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंघोळ करून, भस्म लावून मी व्हॅनची पुढची सीट उचलली. या व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं. आधी बाहेरून बघितलं. रात्रभर खाली पुठ्ठा घातला होता, तो कोरडा. पाइप दाबून बघितले, क्लिपा बघितल्या, सगळं घट्ट. ऑइलची कांडी काढली. ऑइलमध्ये पाणी गेलं की ते दुधाच्या चहासारखं होतं. हे काळं, स्वच्छ होतं. मग प्लग काढले. दोन तपकिरी निघाले आणि तिसरा भांडं घासावं तसा लख्ख. म्हणजे पाणी त्याच सिलिंडरमध्ये जात होतं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जात होतं. प्लग परत बसवले, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. हेडचं पॅकिंग गेलं असेल तर बहुतेक वेळा पाण्यात बुडबुडे येतात. एकही आला नाही.

तरी खात्री होईना. पाणी आत जायला दोन वाटा होत्या. एक हेडचं पॅकिंग, दुसरी मॅनिफोल्डचं. मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल इंजिनात नेणारा ॲल्युमिनियमचा भाग. तो गरम राहावा म्हणून त्यातून पाणी फिरवलेलं असतं. तो खोलणं एका दुपारचं काम. हेड खोललं तर उद्याची भाकरी गेलीच. चुकीचा भाग खोलला तरी गेलीच.

इंजिन गार झाल्यावर खाली घमेलं ठेवून मी पाणी सोडलं आणि बघतच राहिलो. मागच्या वर्षी मी स्वतः यात इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट भरलं होतं. घमेल्यात साधं, गढूळ पाणी होतं.

"दानेश्वरी, तू यात पाणी घातलंस काय?"

"न्हाय मामा. मी झाकणाला हातबी लावला न्हाय. भ्या वाटतंय."

शेजारची झुंबरबाई कट्ट्यावर लसूण सोलत बसली होती. तिकडूनच ओरडली, "ती कशाला घालंल? गौराक्का घालायची की! रोज सकाळी, नळ आला की पयला तांब्या व्हॅनला."

"कोण? गौरा?"

"मग काय मी? आधी अर्धाच तांब्या लागायचा. गेल्या गणपतीपास्नं आख्खा."

"आणि तू मला आज सांगतीयास?"

"तिनंच सांगितलंतं, आण्णांच्या कानावर घालू नगंस म्हणून. त्यांना कळलं की खोलून बसतील, आणि एकदा खोललं की दिवाळी उजाडंल. मिक्सर आठवतोय न्हवं तुमचा?"

दानेश्वरी पदर तोंडाला लावून हसली. मिक्सर मी मागं एका श्रावणात खोलला होता. गौरानं चार महिने पाट्यावर चटणी वाटली आणि भेटेल त्याला सांगितलं.

सीटच्या मागे हात घातला तर तांब्या तिथंच होता, पोत्यात गुंडाळलेला. आतून पांढरा थर धरलेला. आमच्या नळाला बोअरचं पाणी येतं, ते क्षारांचं, जड आहे.

मी तांब्या हातात घेऊन तिथंच खाली बसलो. मग एकेक सुचत गेलं. गौरा रोज पाणी घालत होती म्हणजे गळती आत्ताची नव्हती. ती वर्षभर हळूहळू वाढत गेलेली. हेडचं पॅकिंग गेलेली गाडी वर्षभर रोज शिरोलीला जाऊन येत नाही. आणि साध्या जड पाण्यानं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. जेवढं खाल्लं जाईल तेवढं जास्त गळणार, आणि जेवढं जास्त गळेल तेवढं ती जास्त घालणार. ज्या पाण्यानं तिनं व्हॅन चालू ठेवली, त्यानंच पॅकिंगची जागा कुरतडली होती.

"हेड न्हाय," मी म्हणालो. "मॅनिफोल्ड. पाना दे तो."

"नक्की मामा?"

"नक्की. तुझ्या सासूनं सांगितलंय."

कार्बोरेटर उतरवला, नट सोडले, मॅनिफोल्ड ओढून काढला. पॅकिंग पाण्याच्या भोकापाशी कुजून चिंधी झालं होतं. तिथून थेट सिलिंडरच्या वाटेपर्यंत ओली रेघ गेली होती. दानेश्वरीनं वाकून बघितलं आणि पिठाचा डबा काढायला आत गेली. उद्याच्या भाकरी करायच्या होत्या.

शाहूपुरीतून नवीन पॅकिंग आणलं. घाई करणारा माणूस इथंच चुकतो. जुनं पॅकिंग पत्तीनं खरवडतो, ॲल्युमिनियमवर चरे पडतात आणि नवीन पॅकिंगही गळतं. मी बांबूची चीप घेऊन, रॉकेलच्या फडक्यानं भिजवत सगळं काढलं. मग टीपॉयची काच उचलून कट्ट्यावर ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला आणि मॅनिफोल्डचा सपाट भाग त्यावर गोल गोल फिरवायला लागलो.

"अगं बया, टीपॉयची काच!" झुंबरबाई म्हणाली. "गौराक्का असती तर काय केली असती?"

"काच फोडली असती. माझ्या डोस्क्यात."

पट्टी लावून उजेडाकडं धरलं. पट्टीखालून उजेड दिसेना, तेव्हा थांबलो. पाण्यानं कुरतडलेला एक खड्डा तेवढा राहिला, पण पॅकिंगच्या कडेपर्यंत पोचत नव्हता. नवीन पॅकिंग घालून मॅनिफोल्ड बसवला, नट मधल्यापासून कडेकडं थोडे थोडे आवळले. हिरवं कूलंट भरलं, हवा काढली. ऊन उतरायच्या आत व्हॅन पन्हाळ्याच्या चढाला घातली. दानेश्वरी शेजारी बसून सुईकडं बघत होती. सुई मध्यावर आली आणि तिथंच राहिली.

"मामा, हलंना झाली."

"हलायचीबी न्हाय."

दुसऱ्या दिवशी भाकरी वेळेच्या आधी पोचली. परत आल्यावर दानेश्वरीनं सांगितलं की कँटीनवाला घड्याळाकडं बघून "वैनी, आज लवकर?" म्हणाला, आणि ती त्याला म्हणाली, "आता रोज असंच."

नवीन पॅकिंग बसवलं की काही दिवस इंजिन गार असताना पाणी बघावं लागतं. म्हणून पुढच्या सकाळी नळ आला तसा मी उठलो. कमी झालं तर घालावं म्हणून शुद्ध पाण्याचा कॅन विकत आणून ठेवला होता. पण हात तांब्याकडं गेला. तो नळाखाली भरला आणि व्हॅनपाशी गेलो.

पाणी रेघेवर होतं. केसभरही खाली नाही.

झुंबरबाई कट्ट्यावरून बघत होती. "आण्णा, किती लागलं?"

"काय लागलं न्हाय."

काम चांगलं झालं होतं. आता ही व्हॅन कुणाकडं पाणी मागणार नव्हती. गौराचं या घरातलं एवढं एक काम रोज होण्यासारखं होतं. ते मीच बंद केलं होतं.

दानेश्वरी भाकरीचे डबे घेऊन आली, मागचं दार उघडून एकेक लावायला लागली. माझ्या हाताकडं बघून थांबली.

"तांब्या आत नेऊ काय मामा?"

"नगं. आपल्या जागी ऱ्हाऊ दे."

तिनं तो माझ्या हातातून घेतला, पाणी न सांडता पोत्यात नीट बसवला आणि सीटच्या मागे भरलेलाच ठेवला.