कासव म्हातारं होत नाही

विहिरीतला गाळ निघाला की आधी कासव सोडायचं आणि मगच पाणी भरायचं, ही नवसाबाईच्या घरची रीत. कासवामुळे पाणी निर्मळ राहतं, असं सगळा गाव मानतो. आज लेक विहिरीत उतरून गाळ काढत होता; तोवर टोपल्यात बसलेल्या त्या कासवाकडे नवसाबाई रागानंच बघत होती. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हाही ते एवढंच होतं. तिचे मात्र दात गेले, गुडघे गेले, आणि कालपासून तर नात डोकं खात होती.

नात म्हणजे हर्षाली. आई लहानपणीच गेलेली, आजीनंच वाढवलेली. आता नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. सातवा महिना लागला होता आणि आजीला घेऊनच जायचं, असा चंग बांधून ती आली होती. तिथं तुला काडीचं काम पडणार नाही, नुसता आराम कर, हेच तिचं पालुपद. ते ऐकलं की नवसाबाई आणखीच अडून बसायची. बसून खाणाऱ्या म्हातारीची सगळे कीव करतात, हे तिनं पाहिलं होतं. तिला कुणाच्या घरी ओझं होऊन राहायचं नव्हतं.

"हे मेलं म्हातारं कसं होत नाय?" तिनं विचारलं.

हर्षालीची कळी खुलली. ती म्हणाली, उंदराला आज ना उद्या मांजर खातंच, म्हणून त्याचं शरीर टिकवायची उठाठेव निसर्ग करत नाही. भराभर पिलं, भराभर म्हातारपण. कासवाला पाठीवर ढाल. त्याला सहसा कुणी मारत नाही, अंडी घालणं वर्षानुवर्षं चालतं, म्हणून शरीराची डागडुजीही चालू राहते.

"माझी बाळंतपणं तर कवाच सरली. मंग मला कशाला ठेवलंय?"

हर्षाली तिच्या शेजारी टेकली.

"कासवीण अंडी पुरून निघून जाते, आजी. माणसाचं पोर एकट्या आईच्यानं वाढत नाही. त्याला आजी लागते, म्हणून बाई इतकी जगते, असं पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटतं. मी नाही का वाढले? आणि मला एकटीला हे बाळ जमायचं नाही. लय भीती वाटते गं."

नवसाबाईचे डोळे भरून आले, आणि रागही आला.

"मंग कालधरनं आराम आराम काय लावलंय? काम हाय, असं आल्या आल्या सांगायचं की नाय?"

कासव सोडायचं लेकाला सांगून ती घरात गेली. अळीव, बाळंतशेपा आणि दुपट्यांसाठी आपली जुनी मऊ लुगडी बांधायला घेतली.